आमच्या घरावर ‘बेघरांसाठी घरे’

आमच्या राहत्या घरावर नगरपरिषदेनं ‘बेघरांसाठी घरे’ असं आरक्षण टाकलं होतं, म्हणजे जागा त्या कामासाठी राखून ठेवली होती. चेष्टा नाही, खरंच. नोव्हेंबर २०१९ ची गोष्ट. मिस्टर सेकंड शिफ्टला, पोरगी झोपलेली, आणि रात्री साडेदहाला कॉलनीच्या ग्रुपवर कोणीतरी एका नकाशाचा फोटो टाकला, तिरका, ट्यूबलाईटची चमक आलेली, त्यात एक गोल केलेला आणि खाली लिहिलेलं ‘आपण सगळे गेलो’. मला आधी वाटलं कोणीतरी वारलं.

नंतर कळलं की गावाचा सुधारित विकास आराखडा आलाय, म्हणजे गावातली कुठली जागा कशासाठी वापरायची त्याचा नकाशा, आणि तोही प्रारूप म्हणजे कच्चा. आधीचा आराखडा होऊन वीस वर्षं झाली की नवीन करायचा असतो, कायद्यातच आहे ते, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. राजपत्रात आणि पेपरात जाहिरात द्यावी लागते तशी त्यांनी दिलीही होती, टेंडर नोटिसा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मधे, आणि त्या दिवसापासून हरकतीला तीस दिवस. आम्हाला कळलं तेव्हा त्यातले अकरा दिवस संपलेले होते.

आमची कॉलनी म्हणजे गुंठेवारी. नव्वदच्या दशकात एका शेतकऱ्यानं गावाबाहेरचं साडेतीन एकर रान एक-एक दोन-दोन गुंठे करून विकलं, सासऱ्यांनी १९९७ ला दोन गुंठे घेतले, तेव्हा इथं बाभळी होत्या म्हणतात. लेआउट मंजूर नाही, बिनशेती नाही, बारा फुटी बोळ, गटार आम्हीच वर्गणी काढून केलेलं. पण नळ नगरपरिषदेचा आहे, घरपट्टी भरतोय, लाईटबिल आहे, मतदार यादीत नावं आहेत, दर इलेक्शनला सगळे पक्ष येऊन चहा पिऊन जातात. साठ घरं आहेत. नुसत्या साताबारावर बघितलं तर मात्र इथं कोणी राहत नाही, नावं सगळी सामाईकात एकाखाली एक, आणि पिकाच्या रकान्यात ज्वारी. माझ्या स्वयंपाकघराच्या जागी कागदावर २०१९ पर्यंत ज्वारी डुलत होती.

नवरा कंपनीत, त्याला सुट्टी मिळेना, मी घरून अकाउंटचं काम करते त्यामुळे ऑफिसच्या वाऱ्या माझ्या वाट्याला आल्या. पहिल्या दिवशी नुसता नकाशा बघायला गेले. नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतीला लावलेला, पार छतापासून खुर्चीच्या उंचीपर्यंत, आणि त्याच्यापुढं तीसेक माणसं मान वर करून उभी, जत्रेत पाळणा बघतात तशी. पिवळा म्हणजे रहिवास, निळा कमर्शियल, जांभळा इंडस्ट्री, हिरवे दोन-तीन प्रकारचे, आणि आरक्षणाला कडेनं रेघ मारून आत नंबर. नंबर कशाचा ते शेजारच्या यादीत बघायचं. माझं पहिलं अर्ध्या तासाचं काम काय, तर आपलं घर शोधणं. नकाशावर रस्त्यांची नावं नसतात हो, गट नंबर असतात, आणि तेही मुंगीच्या अक्षरात. शेवटी ओढा सापडला, ओढ्यावरून जुना पूल, पुलावरून शाळा, आणि शाळेवरून बोट सरकवत सरकवत आमच्या गटावर आले तर शिपाई ओरडला, ‘ताई, नकाशाला बोट लावू नका.’ घर तांदळाच्या दाण्याएवढंही नव्हतं. नंबर ४१. यादीत ४१ समोर, बेघरांसाठी घरे.

शेजारी आक्का होती माझ्याबरोबर. आक्का आमच्या बोळात शेवटच्या घरात राहते, एकटीच, दीड गुंठ्याचा प्लॉट आणि त्यावर पत्र्याची खोली. तिला मी वाचून दाखवलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘म्हंजे आधी मला बेघर करणार आन् मग मलाच घर देणार व्हय?’ मागचे दोघेतिघे हसले. मला हसू आलं नाही, कारण आक्काचं प्रकरण माझ्यापेक्षा जास्त अडकलेलं होतं.

ते असं. त्याच वर्षी जूनमध्ये आक्कानं पंतप्रधान आवास योजनेत घरकुलासाठी अर्ज केला होता. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधायचं, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात, तीस चौरस मीटरचं घर. अर्ज भरायला मीच गेले होते. यादीत नाव आलं होतं, फक्त बांधकाम परवानगी आणि झोन दाखला, म्हणजे जागा आराखड्यात कशात येते त्याचा कागद, राहिला होता. आता झोन दाखल्यावर काय येणार? ‘सदर गट प्रारूप विकास योजनेत आरक्षण क्र. ४१ ने बाधित.’ आणि परवानगी नाही. म्हणजे नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावर घरकुल विभाग आहे, तिथं फलक लावलाय, उद्दिष्ट इतकं, मंजूर इतकी, सुरू इतकी, पूर्ण इतकी, आणि तळमजल्यावर नगररचनेचं टेबल आहे तिथं हा नकाशा. मधे अठरा पायऱ्या आहेत, मी मोजल्यात, पुढच्या पाच वर्षांत त्या किती वेळा चढले-उतरले असेन देवाला माहीत. वरच्या साहेबांना खाली आरक्षण पडलंय हे माझ्याकडून कळलं. ‘अच्छा, तिथं पडलंय का?’ म्हणाले, आणि आक्काच्या फाईलवर पेन्सिलनं काहीतरी लिहिलं. खालच्या टेबलावर विचारलं की त्या गटात घरकुलं मंजूर होतायत हे तुम्हाला माहीत होतं का, तर ‘तो विषय आमच्याकडं नाही.’

झोन दाखला आणि भाग नकाशा दोन्हीसाठी अर्ज केला. भाग नकाशा म्हणजे आपल्या गटापुरता तुकडा कापून शिक्का मारून देतात, फी भरून. हा घ्याच. ग्रुपवरच्या फोटोवर भांडण करता येत नाही.

आराखडा आमच्या नगरपरिषदेच्या लोकांनी केलेला नव्हता, नगररचना खात्याचे एक अधिकारी त्यासाठी नेमलेले होते, ते मंगळवारी आणि शुक्रवारी बसायचे. मी चिडून गेले होते. पण माणूस सभ्य निघाला, बसा म्हणाला, आणि एक दुसरा नकाशा काढला. ही गोष्ट मला आधी अजिबात माहीत नव्हती. आराखडा करायच्या आधी विद्यमान जमीन वापर नकाशा करतात, म्हणजे आज कुठं काय आहे याची पाहणी, कलम २५. त्याच्यावर मग पुढच्या वीस वर्षांचं रंगकाम होतं. त्या नकाशात आमचं साडेतीन एकर फिकट हिरवं होतं, शेती, आणि रस्त्याच्या कडेला सात काळे ठिपके. सात घरं. साठातली सात! साहेब म्हणाले, ‘मॅडम, मंजूर लेआउट नाही, साताबाराला जिरायत, सर्व्हेवाल्या पोरांनी मेन रोडवरून जेवढं दिसलं तेवढं घेतलं असणार.’ असणार! म्हणजे कोणीतरी मोटरसायकल आमच्या बोळाच्या तोंडाशी उभी केली, आत चिखल बघितला, आणि पुढं गेला. त्या एका पावसाळी दुपारचे आम्ही पाच वर्षं पैसे भरतोय. (पावसाळा होता हा माझा अंदाज, पण बोळाच्या तोंडाशी चिखल पावसाळ्यातच असतो.)

आणि एकदा शेती दिसली की पुढचं सगळं बरोबरच आहे त्यांच्या बाजूनं. गावाची लोकसंख्या वाढणार, तिला घरं लागणार, गरिबांच्या घरांसाठी जागा राखून ठेवायला पाहिजे, गावाला लागून एक मोकळं सपाट रान दिसतंय, टाका ४१. मीही असते तर तिथंच टाकलं असतं.

कॉलनीत मीटिंग झाली, मारुतीच्या देवळात. अर्धा तास नुसता आरडाओरडा. एक म्हणाला कशाला हरकत, दहा वर्षांत काही केलं नाही तर आरक्षण आपोआप उठतंय. हे फार लोकांना वाटतं म्हणून सांगते, आपोआप काही उठत नाही. कलम १२७ आहे, आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालकानं खरेदीची नोटीस द्यायची, मग त्यांना आणखी मुदत, ती आधी सहा महिने होती, नंतर बारा, आणि २०१५ पासून चोवीस महिने, आणि त्यातही काही केलं नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. म्हणजे बारा वर्षं. बारा वर्षं आक्कानं पत्र्यात बसायचं.

दुसरा एकजण आला तो कॉलनीतला नव्हताच. पांढरा शर्ट, पांढरी पँट, म्हणाला मंत्रालयात आपली ओळख आहे, घरटी पाच हजार जमा करा, आरक्षण शेजारच्या गटात ढकलून देतो. अकरा घरांनी पैसे दिले. तो परत काही दिसला नाही, पुढं काही लिहीत नाही त्याच्याबद्दल.

मार्ग काढला तो भाऊसाहेबांनी. रिटायर्ड तलाठी, आमच्याच बोळात, तिसरं घर. मी रात्री बसून चार पानी हरकत लिहिली होती, त्यात संविधान होतं, सासऱ्यांचे कष्ट होते, आणि प्रशासनाचा जाहीर निषेधही. भाऊसाहेबांनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘सूनबाई, हे कोण वाचणार? गट नंबर, आरक्षण नंबर, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा काय जोडला, आणि मागणी. मागणी एकच. आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट करावं. आणि खाली लिही, सुनावणीस समक्ष हजर राहण्याची संधी मिळावी.’ एक पान. सहा ओळी आणि जोडपत्रं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती लाख मोलाची ठरली. सगळ्या कॉलनीचा मिळून एक अर्ज करू नका, साठ सह्यांचा एक अर्ज म्हणजे रजिस्टरला एक हरकत. साठ घरांचे साठ अर्ज द्या. प्रत्येकाला वेगळा नंबर, वेगळी नोटीस, वेगळी सुनावणी. मग मी कॉम्प्युटरवर एक नमुना केला, नाव आणि क्षेत्र मोकळं सोडलं, आणि तीन संध्याकाळी दारोदार. जोडायचं काय, तर खरेदीखत, साताबारा, घरपट्टीची सगळ्यात जुनी पावती, लाईटबिल, ज्यांची मोजणी झालीय त्यांची क प्रत म्हणजे मोजणीचा नकाशा, घराचा फोटो. सह्या घेणं सोपं नव्हतं. एका आजोबांना वाटलं सही केली की जागा सरकारला लिहून दिली. त्यांच्याकडं चार वेळा गेले, शेवटी त्यांच्या नातीनं मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा अंगठा दिला. पंधरा-सोळा जणांनी नाहीच दिली.

शेवटच्या दिवशी आवक-जावकच्या खिडकीला रांग थेट गेटपर्यंत. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊन परत. क्लार्क वैतागलेला, ‘एकत्र ठेवून जा, नंतर शिक्के मारतो’ म्हणाला. नाही म्हटलं. तासभर उभी राहून चव्वेचाळीस शिक्के मारून घेतले, शाई संपली तेव्हा समोरच्या स्टेशनरीतून मीच पॅड आणून दिलं.

तेव्हा आम्हाला वाटायचं आपल्याच गावात हा गोंधळ. भाऊसाहेब म्हणाले मोठ्या शहरातही हेच, पुण्यात २०१३ च्या आराखड्यावर ८७ हजार हरकती आल्या होत्या, आणि मुंबईचा २०१५ चा तर इतक्या चुकांचा निघाला की साठ हजारांच्या वर हरकती येऊन मुख्यमंत्री फडणवीसांना एप्रिलमध्ये तो मागे घेऊन नव्यानं करायला सांगावं लागलं. ऐकून बरं वाटलं, का वाटलं सांगता येत नाही.

सुनावणी फेब्रुवारी २०२० मध्ये. नोटीस आली, तारीख, वेळ, हरकत क्रमांक. नियोजन समितीपुढं असते ही, कलम २८, त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ, जास्तीत जास्त चार. आमच्या ओळीत चव्वेचाळीस जण, आणि प्रत्येकाला म्हणे पाच मिनिटं. आम्ही ठरवलं की सगळ्यांनी तेच तेच बोलायचं नाही, मी नकाशाचं बोलणार, भाऊसाहेब साताबाराचं, बाकीच्यांनी ‘माझंही हेच म्हणणं आहे आणि माझी घरपट्टी पावती अमुक सालची’ एवढंच.

माझा हुकमी पत्ता वेगळाच होता. माझ्या भाच्यानं कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडून दाखवलं होतं की त्यात घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुन्या सालचे आकाशातून घेतलेले फोटो दिसतात. आम्ही आमच्या गटाचे दोन काढले, २०११ आणि २०१८, कलर प्रिंट, ए-थ्री, आणि त्यावर मी स्केचपेननं प्रत्येक छपराला नंबर दिला, एक ते साठ, आणि मागं यादी, नंबर, नाव, हरकत क्रमांक. रात्री दोन वाजेपर्यंत बसून. २०११ च्या फोटोतच एक्केचाळीस छपरं मोजता येत होती. आक्काची पत्र्याची खोली सगळ्यात चमकत होती, ऊन पडलेलं बहुतेक.

टेबलावर ते ठेवलं तेव्हा पहिल्यांदा समितीतलं सगळं टेबल पुढं झुकलं. नगरसेवक तिघे काही बोलले नाहीत, त्यांना आमची कॉलनी माहीत होतीच, मतं घेतलेली. तज्ज्ञांमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, निवृत्त नगररचनाकार असावेत, त्यांनी भिंग काढलं खिशातून, खरंच भिंग, आणि एकेक छप्पर बघत गेले. मग मला विचारलं, ‘ताई, घरं दिसली. तुमच्या कॉलनीत मुलं खेळतात कुठं?’

मला काही सुचेना. बोळात खेळतात. मेन रोडवर खेळतात. २०१७ साली गॅस सिलिंडरनं आग लागली तेव्हा अग्निशामकची गाडी कोपऱ्यावरच अडकली होती, पाईप ओढत नेले. साडेतीन एकरात एक फूट मोकळी जागा विकणाऱ्यानं ठेवली नाही आणि घेणाऱ्यांनी मागितली नाही, आमच्या सासऱ्यांनीसुद्धा. मी खरं तेच सांगितलं, की जागा नाही, आणि अग्निशामकची गाडी अडकली होती तेही. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर सगळे माझ्यावर चिडले, कबूल कशाला केलंस म्हणून. पण खोटं काय सांगणार होते, फोटो तर मीच नेला होता.

पुढच्या महिन्यात लॉकडाऊन. त्यानंतरची दीड-दोन वर्षं या विषयात काहीच झालं नाही, निदान आमच्यापर्यंत काही आलं नाही. ऑफिसात गेलं की ‘अहवाल वर गेलाय’. वर म्हणजे कुठं? वर. शेवटी २०२१ च्या दिवाळीनंतर माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, की हरकत क्रमांक अमुक ते अमुक वर नियोजन समितीची शिफारस काय त्याची प्रत द्या. तीस दिवसांची मुदत असते, अठ्ठाविसाव्या दिवशी कागद आला. चार रकाने, शेवटच्या रकान्यात तीन शब्द. ‘हरकत अंशतः मान्य.’ खाली बारीक टायपात, बांधकामाने व्याप्त क्षेत्र आरक्षणातून वगळावे, उत्तरेकडील मोकळे क्षेत्र कायम ठेवावे, आणि मधल्या बोळाच्या जागी नऊ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित करावा. नऊ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट, बोळ आमचा बारा. उरलेलं दोन्ही बाजूंनी, म्हणजे माझा ओटा, तुळस आणि गाडी लावायची जागा. ते भिंगवाले आजोबा. रागही आला आणि काय बोलायचं तेही कळेना, अग्निशामकची गाडी मीच सांगितली होती.

आणि हे चालू असताना वरच्या मजल्यावर काय झालं, तर योजना संपली. आवास योजनेची मुदत ३१ मार्च २०२२ होती, नंतर जी वाढवली ती आधी मंजूर झालेली घरं पूर्ण करण्यापुरती, नवीन मंजुरी नाही. आक्काचं नाव यादीत होतं पण झोन दाखला नाही म्हणून परवानगी नाही, परवानगी नाही म्हणून कार्यारंभ नाही, म्हणून नाव वगळलं. फलकावर मात्र टक्केवारी वाढली, कारण जी होणार नाहीत ती यादीतूनच काढली की झालेल्यांचं प्रमाण आपोआप चढतं. मी अकाउंटवाली आहे, ही युक्ती मला लगेच कळली. त्या साहेबांना तसं म्हटलं तर ते हसले, ‘मॅडम, तुम्ही आमच्याकडंच लागा कामाला.’

२०२३ ला शासनाची मंजुरी आली, पण आमचा तुकडा सोडून. मोठा बदल असेल तर तो भाग वगळतात आणि परत जाहीर करतात, सारभूत बदल म्हणतात त्याला, परत एक महिना हरकती, परत सुनावणी, आणि ती विभागाच्या ठिकाणी नगररचनेच्या सहसंचालकांच्या ऑफिसात, एसटीनं अडीच तास. इथं आमची फसगत होता होता राहिली. सगळ्यांना वाटलं आराखडा मंजूर, आरक्षण उठलं, पेढे वाटले लोकांनी. भाऊसाहेब तेव्हा आजारी होते, तरी त्यांनी फोन करून विचारलं, ‘ईपीच्या यादीत बघितलंस का?’ ईपी म्हणजे एक्सक्लुडेड पार्ट, मंजुरीतून वगळलेला भाग. बघितलं तर आम्ही त्यातच. परत दारोदार. आता चव्वेचाळीसातले एकोणीसच तयार झाले. बाकीचे म्हणाले झालंय की आता, कशाला. एकोणीस अर्ज, या वेळी उलट्या मागणीचे, की शासनानं प्रस्तावित केलेला बदल कायम करावा. आपल्या बाजूचा बदल असला तरी लिहून द्यावं लागतं, कारण विरोधात कोणी लिहिलं तर? आणि लिहिलं होतंच, उत्तरेकडच्या मोकळ्या तुकड्याच्या मालकानं, की आरक्षण ठेवायचं तर सगळ्यावर ठेवा, माझ्या एकट्यावर का. त्याचंही चूक नाही म्हणा.

अंतिम अधिसूचना २०२४ च्या उन्हाळ्यात निघाली. आमची घरं पिवळ्यात. रस्ता कायम. भाऊसाहेब त्याच्या चार महिने आधीच वारले.

मग आक्काचं चक्र पहिल्यापासून. सप्टेंबर २०२४ पासून आवास योजना २.० सुरू झाली, अर्ज ऑनलाइन, आधार, बँक पासबुक, तीन लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, देशात कुठंही पक्कं घर नाही याचं हमीपत्र. झोन दाखला या वेळी चार दिवसांत मिळाला, त्यावर ‘रहिवास विभाग’ असं वाचलं आणि मी तिथं बाकड्यावर दोन मिनिटं बसले. पण गुंठेवारीचं नियमितीकरण राहिलं होतं. २००१ चा कायदा होता, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाला, पण आरक्षणातला प्लॉट म्हणून आमचे अर्ज तेव्हा घेतलेच नव्हते. आता घेतले. प्रशमन शुल्क (विनापरवाना बांधकाम नियमित करायची दंडासारखी रक्कम), विकास शुल्क, मोजणी. आक्काचे पैसे तिच्या भावानं आणि बोळातल्यांनी मिळून भरले, मी त्याचा हिशोब वहीत ठेवलाय.

आणि परवानगीच्या टेबलावर शेवटची गंमत. बांधकामाच्या नवीन एकत्रित नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सोपी पद्धत आहे, नकाशा जोडायचा, शुल्क भरायचं, पावती हीच परवानगी. आक्काचा प्लॉट दीड गुंठा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर आणि वर काहीतरी, दीड गुंठा १५१.७. पावणेदोन चौरस मीटरसाठी तिची फाईल पुढच्या गटात गेली, इंजिनियरची सही, छाननी, दीड महिना. मी म्हटलं अहो नऊ मीटरच्या रस्त्यात तिची पट्टी जाणारच आहे, वजा करा ना. ते म्हणाले, ‘ते रस्ता करताना बघू.’

जोतं या वर्षी झालं. पहिला हप्ता जोतं झाल्यावर, आणि जोतं झालं हे नुसतं सांगून चालत नाही, नगरपरिषदेकडून एक मुलगा येतो आणि मोबाईलवर फोटो काढून अक्षांश-रेखांशासकट वर पाठवतो, जिओ टॅगिंग. मुलगा आला, आक्काला जोत्यावर उभं केलं, नवी साडी नेसली होती तिनं. पहिल्या वेळी पिन पडली ती आमच्या स्वयंपाकघरावर. दुसऱ्या वेळी समोरच्यांच्या गच्चीवर. मुलगा मोबाईल वर धरून जोत्याभोवती दोन फेऱ्या मारून आला, आक्का तशीच पदर सावरून उभी, ‘मी हलू का नको?’ विचारत. तिसऱ्या वेळी बरोबर बसली.

हप्ता अजून जमा व्हायचाय. आक्का दर सोमवारी मला पासबुक देते, भरून आण म्हणून.